गावठाणाची खूण

जीआयएसच्या, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणालीच्या, प्रॅक्टिकलची सुरुवात बहुतेक ठिकाणी जुन्या नकाशाने होते. गावाचा नकाशा स्कॅन करायचा, पडद्यावर आणायचा आणि त्यावरच्या निदान चार जागा आजच्या जमिनीवर शोधायच्या. त्या अचूक सापडल्या की अख्खा कागद आपल्या ठिकाणी जाऊन बसतो. या चार जागांना कंट्रोल पॉइंट म्हणतात. घाटावरच्या एखाद्या गावाचा नकाशा असेल तर हे काम अर्ध्या तासाचं. ओढ्याचं वळण, जुनी विहीर, तीन गावांच्या शिवा मिळतात ती जागा, काहीतरी हाताशी लागतंच. नवी मुंबईतल्या गावाचा नकाशा उघडला की मात्र वर्ग अडतो. भातखाचरं गेलेली, मिठागरं बुजलेली, खाडीचा काठ सरकलेला, ओढा काँक्रीटच्या नाल्यात गेलेला. नकाशावर ज्याला शेत म्हटलंय तिथे आज सेक्टर आहे. मग पडद्याजवळ उभा असलेला संशोधक विद्यार्थी सांगतो, ‘आधी गावठाण शोधा.’

गावठाण सापडतं, आणि त्यामागे एक इतिहास आहे. १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांचा, सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचा प्रदेश नव्या शहरासाठी ठरला. संपादन झालं ते शेतांचं, खाजणांचं, मिठागरांचं. घरं असलेली मूळ गावठाणं त्यातून वगळली गेली. वाशीगाव, जुहूगाव, शिरवणे, करावे, दिवाळे ही गावं जागेवर राहिली आणि त्यांच्या भोवतीने सेक्टर आखले गेले. म्हणून आजच्या उपग्रह प्रतिमेत सरळ रस्त्यांच्या जाळ्यात मधेच दाट, वाकड्या गल्ल्यांचा एक पुंजका दिसतो. जुना नकाशा आणि नवी प्रतिमा जिथे खात्रीने एकमेकांना भेटतात, ती जागा तीच.

हे दाखवून देणारी व्यक्ती बहुधा प्राध्यापक नसते. आयआयटीत तिला टीए, म्हणजे टीचिंग असिस्टंट, म्हणतात. एम.टेक.चा विद्यार्थी शिष्यवृत्तीच्या बदल्यात आठवड्याला आठ तास विभागाला देतो, त्यातले बरेचसे प्रयोगशाळेत जातात. राज्यातल्या विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत हेच काम करणारी मुलं-मुली ‘तासिका तत्त्वा’वर असतात. पीएच.डी.ची नोंदणी झालेली, नेट-सेटची तयारी किंवा ती पास, आणि दर तासाला ठरलेला मोबदला. सुट्टीतले दिवस त्यात धरले जात नाहीत. प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री डेटा गोळा करून, तो साफ करून, तीस संगणकांवर चढवण्यात गेलेले तासही धरले जात नाहीत. जर्नल तपासायची, सबमिशनसाठी मागे लागायचं, व्हायवाच्या दिवशी बाहेरच्या परीक्षकाला चहा द्यायचा, आणि यातून वेळ उरला की स्वतःच्या प्रबंधाचं प्रकरण लिहायचं. महाराष्ट्रात नकाशाशास्त्राचं संगणकी शिक्षण मोठ्या प्रमाणात या मुलांच्या खांद्यावर उभं आहे, आणि त्याची नोंद फारशी कुठे होत नाही.

शिकणाऱ्यानेच शिकवावं, ही रीत मात्र या विद्येत आजची नाही. आपल्याकडे सर्वेक्षणाची पहिली नावाजलेली शाळा १७९४ साली मद्रासमध्ये निघाली. कंपनीचा खगोलशास्त्रज्ञ मायकेल टॉपिंग याने आठ मुलांना घेऊन ती सुरू केली. ही मुलं आली तिथल्या लष्करी अनाथाश्रमातून. त्या आश्रमाचा प्रमुख होता अँड्र्यू बेल. शिक्षक पुरेसे नव्हते. बेलने एतद्देशीय शाळेत मुलांना वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना पाहिलं, ती पद्धत आश्रमात आणली आणि मोठ्या मुलांकडे लहानांना शिकवण्याचं काम सोपवलं. पुढे इंग्लंडमध्ये हीच रीत ‘मद्रास पद्धत’ म्हणून पसरली. मराठी वाचकाला यात नवं काही वाटणार नाही. पंतोजीच्या शाळेत धुळपाटीवर धुळाक्षरं गिरवून घेण्याचं काम वरचा मुलगाच करत असे. तरी ज्या आश्रमात मुलांनी मुलांना शिकवण्याची पद्धत आकाराला आली, त्याच आश्रमाची मुलं हिंदुस्थानातली पहिली शिकाऊ मोजणीदार व्हावीत, हा योग जीआयएसच्या प्रत्येक टीएने ऐकून ठेवावा असा आहे.

मुंबईत १८२३ साली कॅप्टन जॉर्ज जर्व्हिसने इंजिनिअर इन्स्टिट्यूशन काढली. सरकारी खात्यांसाठी मोजणीचं आणि बांधकामाचं ज्ञान असलेले तरुण तयार करायचे होते, आणि ते शिक्षण देशी भाषांतूनही द्यायचं होतं. जर्व्हिसने शास्त्रीमंडळींच्या मदतीने गणित आणि भूमिती मराठीत आणली. त्रिकोण मापायचा तो आपल्या भाषेत, ही गोष्ट दोनशे वर्षांपूर्वी मुंबईत घडत होती. ती संस्था फार वर्षं टिकली नाही. पुण्यात १८५४ साली सुरू झालेल्या अभियांत्रिकीच्या वर्गाचं पुढे मोठं महाविद्यालय झालं. पण गावोगावची जमीन मोजणारी बहुसंख्य माणसं कुठल्याच वर्गात बसलेली नव्हती. ती उमेदवारी करत, म्हणजे जाणत्या मोजणीदारामागे ऊन-पावसात फिरत शिकली.

त्यांच्या हातात होती साखळी. मुंबई इलाख्यातल्या जमीन मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ भाग, आणि प्रत्येक भागाला म्हणायचं आणा. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. रुपयाचे आणे जमिनीलाही लागू होते, त्यामुळे हिशेब शेतकऱ्यालाही तोंडी करता येई. शेताच्या आरपार एक आधाररेषा धरायची, तिच्यावरून बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंत लंब टाकायचे, आणि जागच्या जागी कच्ची आकृती काढून त्यावर अंतरं लिहायची. ही आकृती म्हणजे टिपण. आजही भूमि अभिलेख कार्यालयात हद्दीचा वाद गेला की जुनं टिपण काढलं जातं, आणि शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुणा अनामिकाने पेन्सिलीने मांडलेला आकडा निकाल ठरवतो.

ही पद्धत एका फटक्यात बसली नाही. १८२० च्या दशकाच्या अखेरीस पुणे प्रांतात प्रिंगल या कंपनीच्या अधिकाऱ्याने केलेली मोजणी सदोष निघाली, तिच्यावर बेतलेला सारा शेतकऱ्यांना झेपेना आणि शेतं ओस पडू लागली. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात काम नव्याने उभं केलं. सर्व्हे नंबर, हद्दीचे दगड, तीस वर्षांसाठी ठरलेला आकार, ही जी चौकट पुढे सगळ्या इलाख्यात गेली ती तिथली. कोकणात ती खाडीकाठच्या खारजमिनीपर्यंत पोहोचली. नवी मुंबईतल्या प्रकल्पग्रस्तांच्या हातात आज जो सर्व्हे नंबर असतो, त्याचं मूळ या साखळीत आहे.

आणि तो नंबर त्यांच्या आयुष्याचा प्रश्न होऊन बसला. कुणाची किती जमीन गेली, हे नकाशावर आणि सातबाऱ्यावर ठरत होतं. भाव अपुरा होता. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन पेटलं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवशी उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. जासईत त्यांचं स्मरण दर जानेवारीत होतं. या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याची योजना १९९० च्या दशकात आकाराला आली. त्यातले ३.७५ टक्के सार्वजनिक सोयींसाठी वजा होतात आणि हाती ८.७५ टक्के येतात. एक एकर गेला असेल तर साधारण ३५४ चौरस मीटर. हे गणित प्रॅक्टिकलच्या वर्गात मांडून पाहायला हवं. कारण सातबारा आता हेक्टर-आरमध्ये, आजोबांच्या तोंडी गुंठे, भूखंडाचं पत्र चौरस मीटरमध्ये, आणि गुंठा म्हणजे आर असं समजणारी मुलं प्रत्येक बॅचमध्ये असतात. गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा आहे. शंभरातला हा सव्वा मीटरही न झालेला फरक एकराला ४७ चौरस मीटरवर जातो, म्हणजे जवळपास एका खोलीच्या घराएवढा.

संगणकाचा नकाशा या सगळ्यापासून फार दूर जन्मला. १९६० च्या दशकात रॉजर टॉमलिन्सनने कॅनडाच्या अफाट जमिनीची नोंद यंत्रावर घेण्यासाठी पहिली भौगोलिक माहिती प्रणाली बांधली. १९६५ साली हार्वर्ड विद्यापीठात हॉवर्ड फिशरने प्रयोगशाळा काढली. तिथे काम केलेल्या जॅक डेंजरमंड नावाच्या विद्यार्थ्याने पत्नी लॉरासह १९६९ मध्ये एस्री ही कंपनी सुरू केली. हे शिकवायचं कसं, याचा मोठा आराखडा मात्र १९९० मध्ये आला. अमेरिकेतल्या तीन विद्यापीठांनी मिळून ७५ व्याख्यानांचा अभ्यासक्रम तयार केला आणि तो जगभरच्या शिक्षकांना वापरायला दिला. तोवर बहुतेक जण एकमेकांना विचारूनच शिकत होते.

मुंबईत या विद्येचं घर झालं ते पवईत. आयआयटीमध्ये १९७६ साली संसाधन अभियांत्रिकीचं केंद्र निघालं, सगळे त्याला सीएसआरई म्हणतात. प्रा. पी. वेंकटाचलम यांच्या मार्गदर्शनाखाली तिथे स्वतःचं जीआयएस सॉफ्टवेअर लिहिलं गेलं, आणि त्याचं इंग्रजी लघुरूप मुद्दाम ‘ग्राम’ असं जुळवलेलं होतं. पुढच्या आवृत्तीचं नाव ‘ग्राम++’. परदेशी सॉफ्टवेअरचा एक परवाना महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेर होता त्या दिवसांत हे घरचं साधन मोलाचं होतं. २००२ मध्ये सुरू झालेलं क्यूजीआयएस मोफत मिळू लागल्यावर तर चित्रच बदललं. आता खेडेगावातल्या विद्यार्थ्याच्या जुन्या लॅपटॉपवरही तेच साधन चालतं जे विद्यापीठात चालतं. आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती काही महिन्यांत बदलते तर अभ्यासक्रम काही वर्षांनी. या दरीत जो उभा राहतो, तो म्हणजे नुकताच शिकलेला विद्यार्थी. बटण कुठे सरकलं ते त्यालाच ठाऊक असतं.

नकाशांवरची बंदी त्याच्या वाट्याला आलेला आणखी एक धडा. किनाऱ्यालगतच्या भागाचे सर्व्हे ऑफ इंडियाचे तपशीलवार स्थलदर्शक नकाशे अनेक वर्षं प्रतिबंधित होते. विभागाच्या कपाटात कुलपात, रजिस्टरमध्ये सही करून घ्यायचे, परत ठेवायचे. २००५ मध्ये गूगल अर्थ आलं आणि वाशीतल्या पोराला आपल्या इमारतीची गच्ची घरबसल्या दिसू लागली, पण त्याच जागेचा सरकारी नकाशा कुलपातच राहिला. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने दार किलकिलं केलं. खऱ्या अर्थाने मोकळीक आली ती केंद्र सरकारच्या १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी. त्यापूर्वी शिकलेल्या आणि नंतर शिकलेल्या मुलांमध्ये नकाशाकडे पाहण्याचा धीटपणाच वेगळा आहे.

नवी मुंबईला एक सुदैव लाभलं आहे, आणि शिकवणाऱ्यांनी ते पुरेपूर वापरावं. पहिला लँडसॅट उपग्रह २३ जुलै १९७२ रोजी सुटला, सिडकोच्या स्थापनेनंतर दोन वर्षांनी. म्हणजे हे शहर जवळजवळ पहिल्या विटेपासून आकाशातून टिपलं गेलं आहे. भारताचा स्वतःचा पहिला दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए सुटला १७ मार्च १९८८ रोजी, नेमका सिडकोच्या स्थापनादिनी. २००८ मध्ये लँडसॅटचा सगळा जुना साठा मोफत झाला. तेव्हापासून कुणीही दहा-दहा वर्षांच्या प्रतिमा एकाखाली एक ठेवून खाडीकाठ सरकताना, मिठागरांचे चौकोन पुसट होताना, उलव्याची टेकडी छाटली जाऊन तिथे विमानतळाची धावपट्टी उमटताना पाहू शकतं. पुस्तकात याला बदल-विश्लेषण म्हणतात. ज्यांच्या आजीने त्या मिठागरात आगर राखलंय त्यांना तो शब्द लागत नाही.

पण प्रतिमा फसवतेही, आणि चांगला टीए इथेच ओळखू येतो. मिथ्या रंगाच्या प्रतिमेत हिरवळ लाल दिसते, त्यामुळे कांदळवनांचा पट्टा लालभडक उमटतो. दोन वर्षांच्या प्रतिमांत तो कमी दिसला की विद्यार्थी लगेच ‘भराव टाकला’ असं लिहून मोकळा होतो. त्याला आधी विचारावं लागतं, प्रतिमा भरतीची की ओहोटीची? ठाण्याच्या खाडीत भरतीच्या वेळी चिखलाचे पट्टे पाण्याखाली जातात आणि ओहोटीला वर येतात. उपग्रह त्याच्या ठरल्या वेळी येतो, भरती तिच्या. कोळ्याच्या घरातली मुलगी हे तिथीवरून सांगते आणि बरोबर सांगते. ही बारकाई परीक्षेपुरती नाही. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या संरक्षणासाठी त्यांचं उपग्रहाच्या मदतीने नकाशीकरण करायला सांगितलं. नागपूरच्या महाराष्ट्र रिमोट सेन्सिंग केंद्राचं काम तिथे लागलं. तेव्हापासून पडद्यावर काढलेली रेषा न्यायालयात पुरावा म्हणून उभी राहू शकते.

दुसरी चूक अधिक जुनी आहे. स्थलदर्शक नकाशा पडद्यावर चढवला की तो उपग्रह प्रतिमेशी जुळत नाही. सगळं काही एकाच दिशेला सरकलेलं दिसतं. कारण तो नकाशा एव्हरेस्टच्या १८३० च्या पृथ्वीवर काढलेला आहे आणि प्रतिमा डब्ल्यूजीएस-८४ च्या. लॅम्बटनने १८०२ मध्ये सुरू केलेल्या त्रिकोणमितीय मोजणीतून जॉर्ज एव्हरेस्टने पृथ्वीच्या आकाराचे जे आकडे काढले, ते आजही सॉफ्टवेअरच्या यादीत निवडीसाठी हजर असतात. आणि मग विभागांचा घोळ. यूटीएम या नकाशा-प्रक्षेपणाचा ४३ वा विभाग ७८ अंश रेखावृत्तावर संपतो. नवी मुंबई, पुणे, अमरावती त्यात. यवतमाळ आणि नागपूर ४४ व्यात. अख्ख्या महाराष्ट्राचं काम करणाऱ्याने हे विसरलं की यवतमाळ भलतीकडे जाऊन पडतं. हे सांगून समजत नाही. एकदा चुकू द्यावं लागतं.

दोन थरांच्या हद्दी थोड्या हुकल्या की मधे बारीक, लांबट तुकडे तयार होतात. इंग्रजी पुस्तकं त्यांना स्लिव्हर म्हणतात आणि ते पुसून टाकण्याची आज्ञावली सॉफ्टवेअरमध्ये असते. शेतकऱ्याच्या मुलाला तो तुकडा पाहून लगेच कळतं की हा बांध आहे. बांधावर दोन्ही शेजाऱ्यांचा हक्क असतो, त्यावर आंबा असतो, त्यावरून कोर्टकचेरी होते. मराठी वर्गात हे समजावताना ‘बांध कोरणं’ हा एक शब्दप्रयोग पुरतो. मेनू इंग्रजीत, समजावणं मराठीत, अशीच ही विद्या इथे शिकवली जाते आणि अशीच ती रुजते. जर्व्हिसच्या शास्त्रीमंडळींनी सुरू केलेलं काम प्रयोगशाळेत रोज थोडं थोडं पुढे जातं.

ज्या गावठाणावरून नकाशा जागेवर बसवायचा, ते स्वतः मात्र जुन्या नकाशावर जवळजवळ कोरं असतं. जमिनीवरचा सारा ठरवण्यासाठी केलेली ती मोजणी. घरांवर शेतसारा नव्हता, म्हणून गावठाणाची बाहेरची हद्द काढली आणि आतली घरं सोडून दिली. कुठलं अंगण कुणाचं, हे गाव जाणत होतं आणि तेवढं पुरत होतं. आता पुरत नाही. कुटुंबं वाढली, शेतं गेलेली, मग घरांवर मजले चढले, गावठाणाबाहेर ‘गरजेपोटी’ची बांधकामं झाली, आणि गावठाण-कोळीवाड्यांच्या सीमांकनाची मागणी मोर्चांतून आणि निवेदनांतून होत राहिली. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला आणि २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना देशभर जाहीर झाली. ती ग्रामीण भागासाठी आहे. महापालिकेच्या हद्दीत अडकलेली गावं तिच्या बाहेर पडतात.

म्हणून बॅचमध्ये करावे, दिवाळे किंवा शिरवण्याची मुलं असली की क्षेत्रकार्य गावठाणातच ठेवणं शहाणपणाचं. वरून पाहिलं तर छपरं एकमेकांत मिसळलेली, भिंत कुठे आहे ते कळत नाही. मोबाइलचं जीपीएस दाट वस्तीत पाच-दहा मीटर इकडेतिकडे दाखवतं आणि गल्ली आहे दोन मीटरची, त्यामुळे आपल्या दारात उभं राहून टाकलेला ठिपका शेजाऱ्याच्या छपरावर पडतो. मग टीए पिशवीतून तीस मीटरचा टेप काढतो. एक मुलगा शून्य उंबऱ्याला लावून बसतो, दुसरा टेप ताणत समोरच्या ओट्यापर्यंत जातो, तिसरी वहीत आधाररेषा काढून लंब लिहायला घेते. घरातली म्हातारी बाहेर येऊन बघत उभी राहते आणि सांगते की ओटा पूर्वी इथे नव्हता, विहिरीच्या अंगाला होता. विहीर कुठे होती, असं ती मुलगी विचारते, आणि म्हातारी तिला गल्लीतून पुढे घेऊन जाते.